विंडोजमध्ये सी ड्राइव्हच का? गॅरी किल्डॉलची गोष्ट

कॉलेजच्या लॅबमधला कुठलाही विंडोज कॉम्प्युटर उघडा. ड्राइव्हची यादी थेट सी पासून सुरू होते. ए आणि बी कुठे गेले, असा प्रश्न कधी पडलाय? आता दुसरा प्रश्न. ओटीजी केबलने फोनला पेन ड्राइव्ह जोडला की दोन-तीन सेकंदांत नोटिफिकेशन येतं. जे जोडलंय ते माउस नाही, कीबोर्ड नाही, तर ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे, हे फोनला कोण सांगतं?

दोन्ही प्रश्नांचा धागा पकडून मागे गेलं, की आपण १९७४ सालातल्या कॅलिफोर्नियातल्या एका घरामागच्या शेडमध्ये पोहोचतो. तिथे गॅरी किल्डॉल नावाचा एक प्राध्यापक, एक झिजलेला फ्लॉपी ड्राइव्ह आणि एक मोठी अडचण होती. आज गॅरीचं नाव निघतं ते बहुतेक वेळा एकाच किश्श्यासाठी: आयबीएमची माणसं भेटायला आली तेव्हा हा विमान उडवायला गेला होता म्हणे! तो किस्सा पुढे येईलच. पण त्याआधी या माणसानं केलं काय, ते बघू.

नौकानयन शिकवणाऱ्या घरातला मुलगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहरात झाला. घरची शाळा होती, पण साधी नाही. जहाजावर दिशा कशी ओळखायची, आपण समुद्रात नेमके कुठे आहोत हे कसं काढायचं, हे त्या शाळेत शिकवायचे. गॅरीही तिथे शिकवायला लागला. पुढे तो वॉशिंग्टन विद्यापीठात गणिताकडे गेला आणि तिथे त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं. १९७२ मध्ये त्यानं कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी पूर्ण केली.

दरम्यान त्याला नौदलाची सेवा करायची होती. ती त्यानं माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर कॉलेजात शिकवून केली. तिथे असताना त्याला इंटेलच्या ४००४ या चिपबद्दल कळलं. किंमत फक्त २५ डॉलर. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र आणि लाखो डॉलरचा खर्च. अख्ख्या कॉम्प्युटरचा मेंदू बोटाच्या पेरावर मावतो, हे बघून गॅरी चाट पडला. त्यानं चिप मिळवली, तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिले आणि ते घेऊन इंटेलकडे गेला. इंटेलनं त्याला सल्लागार म्हणून घेतलं. तिथे त्यानं पीएल/एम ही प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी बनलेल्या पहिल्या उच्चस्तरीय भाषांपैकी ती एक.

एक झिजलेला फ्लॉपी ड्राइव्ह

चिप होती, भाषा होती. अडचण होती साठवण्याची. त्या वेळी छोट्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम साठवायचे कागदी पट्टीवर, भोकं पाडून. एक प्रोग्रॅम चढवायला कितीतरी मिनिटं जायची, पट्टी फाटली की पुन्हा पहिल्यापासून.

आयबीएमनं आठ इंची फ्लॉपी डिस्क बाजारात आणली होती. शुगार्ट असोसिएट्स नावाची नवी कंपनी तिचे ड्राइव्ह बनवत होती. गॅरीनं त्यांच्याकडून टेस्टिंगमध्ये झिजलेला एक ड्राइव्ह मिळवला. पण नुसता ड्राइव्ह आणून उपयोग नसतो. प्रोसेसर आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये बोलणारं सर्किट लागतं, त्याला कंट्रोलर म्हणतात. गॅरी मूळचा सॉफ्टवेअरवाला. त्याला ते सर्किट काही जमेना आणि ड्राइव्ह बरेच महिने तसाच पडून राहिला. शेवटी विद्यापीठातला मित्र जॉन टोरोड मदतीला आला आणि त्यानं कंट्रोलर बनवून दिला. १९७४ मध्ये गॅरीनं लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम त्या फ्लॉपीवर चालली. तिचं नाव सीपी/एम.

त्या फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर २६ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये १२८ बाइट. गुणाकार करून बघा, साधारण अडीच लाख बाइट होतात. तुमच्या व्हॉट्सअॅपवरचा एक बरा फोटोही त्यात मावेलच असं नाही. पण कागदी पट्टीच्या तुलनेत ती चैन होती.

सीपी/एममध्ये पहिला ड्राइव्ह म्हणजे ए, दुसरा बी. ड्राइव्हला अक्षर देण्याची कल्पना आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरवरच्या सिस्टिममधून आली होती. पुढे घरगुती कॉम्प्युटरमध्ये दोन फ्लॉपी ड्राइव्ह असणं नेहमीचं झालं आणि ए-बी त्यांच्या नावावर लागले. नंतर हार्ड डिस्क आली, तिला पुढचं अक्षर मिळालं: सी. फ्लॉपी गेल्या, पण सी तिथेच राहिला. हे आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

खरी कल्पना: फलाट वेगळा, गाडी वेगळी

१९७५ नंतर छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. प्रत्येकाचा ड्राइव्ह वेगळा, कंट्रोलर वेगळा. आयएमएसएआय या कंपनीला सीपी/एम हवी होती, पण त्यांचं हार्डवेअर निराळं. म्हणजे दर नव्या गिऱ्हाइकासाठी गॅरीनं अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हात घालायचा! तो वैतागला. मग आयएमएसएआयचा इंजिनिअर ग्लेन युइंग याच्यासोबत बसून त्यानं सीपी/एमचे दोन भाग वेगळे केले. हार्डवेअरशी बोलणारा सगळा कोड एका छोट्या भागात टाकला. बाकीची सिस्टिम जशीच्या तशी. त्या छोट्या भागाचं नाव बायोस. लॅपटॉप सुरू करताना लोक ज्या बायोस सेटिंगमध्ये जातात, तो शब्द इथला.

हे फलटणच्या एसटी स्टँडवरून समजून घेऊ. फलाट क्रमांक दोन हे कायमचं नाव. त्या फलाटावर कधी पुण्याची गाडी लागते, कधी साताऱ्याची, कधी बारामतीची. प्रवाशाला एसटीच्या इंजिनाची माहिती लागत नाही. चौकशीच्या खिडकीवर तो विचारतो: दोनवर कुठली गाडी आहे? खिडकीतला माणूस सांगतो, किंवा म्हणतो की त्या फलाटावर गाडीच नाही.

सीपी/एममध्ये फलाट म्हणजे ए, बी ही अक्षरं. गाडी म्हणजे प्रत्यक्ष डिस्क. खिडकीतला माणूस म्हणजे बायोस. मुख्य सिस्टिम बायोसला म्हणायची, ड्राइव्ह बी निवड. ड्राइव्ह असेल तर बायोस त्याच्या माहितीच्या टेबलचा मेमरीतला पत्ता द्यायचा. नसेल तर उत्तर यायचं शून्य. १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे टेबल नीट बांधलं गेलं: एका ट्रॅकवर किती सेक्टर, ब्लॉक केवढा, एकूण किती ब्लॉक, फाइलींच्या यादीत किती नोंदी मावतात, सुरुवातीचे किती ट्रॅक सिस्टिमसाठी राखीव. एवढ्या आकड्यांवर सीपी/एम कुठलीही डिस्क चालवू शकायची. १६ ड्राइव्ह, प्रत्येकी ८ एमबीपर्यंत.

उपकरणापासून सॉफ्टवेअर वेगळं ठेवायची कल्पना मोठ्या कॉम्प्युटरवर आधीपासून होती. गॅरीनं ती टेबलावर मावणाऱ्या, सामान्य माणसाला परवडणाऱ्या कॉम्प्युटरवर आणली. परिणाम मोठा झाला. वर्डस्टारसारखा प्रोग्रॅम एकदा लिहायचा आणि तो शेकडो मॉडेलांवर चालवायचा, हे शक्य झालं. हार्डवेअर एकाचं आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, हा धंदाच यातून उभा राहिला. आज शाओमीचा फोन असो की सॅमसंगचा, अॅप तेच चालतं. त्यामागे हाच विचार आहे.

ड्रायव्हर चुकीचं सांगतो तेव्हा

पण या रचनेत एक धोका होता. सिस्टिम बायोसवर पूर्ण विश्वास ठेवायची. बायोस लिहायचे कॉम्प्युटर बनवणारे. समजा कुणी टेबलमध्ये एक आकडा चुकवला आणि डिस्क खरीपेक्षा मोठी लिहिली. पहिले काही दिवस सगळं झकास चालणार. डिस्क भरत आली, की सिस्टिम अस्तित्वात नसलेल्या जागेवर लिहायला जाणार. मग एरर येणार, किंवा ड्रायव्हर कच्चा असेल तर भलतीकडेच लिहिलं जाणार. असा बग शोधणं अवघड, कारण चूक एकीकडे आणि लक्षण दुसरीकडे.

यासाठी सीपी/एमसोबत डीडीटी नावाचं डीबगिंगचं साधन मिळायचं. त्यात मेमरीतला बाइट न् बाइट बघता यायचा, प्रोग्रॅम हव्या त्या जागी थांबवता यायचा, एकेक पाऊल पुढे नेता यायचा. टेबलमध्ये प्रत्यक्ष कुठले आकडे आहेत ते डोळ्यांनी बघायचं, डिस्कच्या माहितीपत्रकाशी ताडायचं, फरक सापडला की झालं. ड्रायव्हर डीबग करायची पद्धत आजही हीच आहे: अंदाज बांधण्याआधी, उपकरणानं नेमकं काय उत्तर दिलं ते बघा.

दुसरा धोका आणखी वाईट. तुम्ही फलाट दोनवर पुण्याची गाडी बघितली, चहा प्यायला गेलात, परत आलात आणि पाटी न वाचता पिशवी आत ठेवली. तेवढ्यात गाडी बदलली असेल तर पिशवी साताऱ्याला! फ्लॉपीचं अगदी असंच व्हायचं. कुठला ब्लॉक रिकामा आहे याचा नकाशा सिस्टिम मेमरीत ठेवायची. मधेच कुणी फ्लॉपी बदलली तर जुन्या नकाशावर विसंबून नव्या फ्लॉपीवर लिहिलं जायचं, आणि तिथे कुणाचा तरी वर्षभराचा हिशेब असायचा.

फ्लॉपी बदलली हे सांगायला त्या ड्राइव्हमध्ये भरवशाची सोय नव्हती. मग गॅरीनं उपाय काढला तो असा: डिस्कवरच्या फाइलींच्या यादीची एक छोटी बेरीज करून ठेवायची, म्हणजेच चेकसम. पुन्हा यादी वाचताना बेरीज जुळली नाही, तर डिस्क बदललेली आहे असं समजायचं आणि त्या ड्राइव्हवर लिहिणं बंद करायचं. वाचा खुशाल, पण लिहायचं असेल तर आधी कंट्रोल-सी दाबून नवी डिस्क ओळखायला सांगा. लोक या एररवर भयंकर चिडायचे. पण त्या चिडचिडीनं कितीतरी जणांचा डेटा वाचवला.

आयबीएम, विमान आणि चिकटलेला शिक्का

१९७४ मध्येच गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी कंपनी काढली होती, पुढे तिचं नाव डिजिटल रिसर्च झालं. व्यवहार डोरोथी बघायची. १९७७ मध्ये आयएमएसएआयनं सीपी/एमसाठी २५ हजार डॉलर मोजले. १९८० पर्यंत छोट्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे सीपी/एम, असं समीकरण झालं होतं.

१९८० मध्ये आयबीएमला आपल्या नव्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. त्यांची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली. गॅरी स्वतः पायलट होता आणि त्या सकाळी तो विमानानं दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे कामाला गेला होता. आयबीएमनं गुप्ततेचा एकतर्फी करार समोर ठेवला, डोरोथी आणि वकील सही करायला कचरले. गॅरीच्या आठवणीप्रमाणे तो दुपारी परतला आणि बोलणीही झाली. इतरांच्या आठवणी वेगळ्या आहेत. पक्कं एवढंच, की करार झाला नाही. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टनं सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सकडून टिम पॅटरसननं लिहिलेली सिस्टिम घेतली. प्रोग्रॅमच्या बाजूनं बघितलं तर ती सीपी/एमच्या वळणावर बांधलेली होती. तिचं डॉस झालं.

गॅरीनं आक्षेप घेतल्यावर आयबीएमनं त्याची सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवली. पण डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४०. गिऱ्हाइकानं काय घेतलं असेल हे सांगायला नको.

एका गोष्टीत मात्र डॉस पुढे गेलं. सीपी/एममध्ये डिस्कची मापं ड्रायव्हरच्या टेबलमध्ये असायची, डिस्कवर नाही. त्यामुळे एका कंपनीची फ्लॉपी दुसरीच्या कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा वाचताच यायची नाही. १९८३ च्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ही मापं डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्येच लिहिली जाऊ लागली. म्हणजे गाडीनं आपली पाटी स्वतःच्या कपाळावर लावली!

शेवटची वर्षं

गॅरी थांबला नाही. १९८३ पासून काही वर्षं तो कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात सहसूत्रधार होता, शांतपणे गोष्टी समजावून सांगायचा. साठवणुकीचं वेड तर कायमच होतं. त्याच्या दुसऱ्या कंपनीनं १९८५ मध्ये ग्रोलियरचा अख्खा विश्वकोश एका सीडी-रॉमवर आणला. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीला विकली गेली. पैसा भरपूर मिळाला, पण विमानाचा किस्सा काही पिच्छा सोडेना. जिथे जाईल तिथे तोच प्रश्न. संसार मोडला होता, दारू वाढली होती. जुलै १९९४ मध्ये माँटेरेच्या एका बारमध्ये डोक्याला मार लागला आणि ११ जुलैला वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला.

२० वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेनं पॅसिफिक ग्रोव्हमधल्या डिजिटल रिसर्चच्या जुन्या इमारतीबाहेर सन्मानाची पाटी बसवली. त्याच वर्षी सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं अभ्यासासाठी खुला केला.

आता तुमच्या फोनकडे येऊ

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. पेन ड्राइव्ह जोडला की आजही प्रश्नोत्तरंच होतात, फक्त जास्त नीट. क्रम असा:

१. वीज मिळताच पेन ड्राइव्ह एका तारेवरचा व्होल्टेज वर खेचतो. फोनला कळतं, काहीतरी लागलंय.

२. फोन विचारतो, तू कोण? पेन ड्राइव्ह १८ बाइटचं ओळखपत्र देतो. त्यात कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर असतो.

३. पुढच्या माहितीत उपकरणाचा प्रकार येतो. प्रकार ८ म्हणजे साठवणुकीचं उपकरण, ३ म्हणजे कीबोर्ड-माउसवाला गट. यावरून कुठला ड्रायव्हर लावायचा ते ठरतं.

४. ड्रायव्हर विचारतो, शेवटचा ब्लॉक कितवा आणि एक ब्लॉक केवढा? त्या गुणाकारातून ६४ जीबी हा आकडा येतो.

५. मग डिस्कवरची फाइल सिस्टिम वाचली जाते आणि तिचा स्वतःचा ओळख क्रमांकही.

हा क्रम लक्षात ठेवला तर पेन ड्राइव्ह चालत नसताना डोकं लावता येतं. काहीच हालचाल नाही? पायरी एक: केबल किंवा वीज बघा. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं. कॉम्प्युटरवर अनोळखी उपकरण असं येतंय? पायरी दोनला अडलंय. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. ड्राइव्ह दिसतो पण क्षमता शून्य? पायरी चार, म्हणजे आतली चिप बिघडल्याची शक्यता जास्त. फॉरमॅट करा असा मेसेज येतोय? मग पहिल्या चार पायऱ्या पार पडल्यात, फक्त फाइल सिस्टिम ओळखता आलेली नाही. इथे घाईनं फॉरमॅट दाबू नका! बरेच अँड्रॉइड फोन एनटीएफएस वाचत नाहीत. तोच पेन ड्राइव्ह आधी विंडोजवर लावून बघा, डेटा बहुतेक सुखरूप असेल.

फलाट आणि गाडीचा घोळही अजून आहे. लिनक्समध्ये पहिली डिस्क एसडीए, दुसरी एसडीबी. पण डिस्क सापडण्याचा क्रम बदलला की ही नावंही बदलू शकतात. म्हणून जाणकार सेटिंगमध्ये एसडीए लिहीत नाहीत, फाइल सिस्टिमचा यूयूआयडी लिहितात. फलाटाचा नंबर नाही, गाडीची नंबर प्लेट.

आणि पायरी चारमध्ये आजची सगळ्यात मोठी फसवणूक दडलेली आहे. समजा फलटणच्या एखाद्या फोटोग्राफरनं लग्नाचे फोटो ठेवायला स्वस्तातला २ टीबीचा पेन ड्राइव्ह मागवला. आत मेमरी ३२ जीबीची, पण चिपला शिकवलेलं की विचारलं तर २ टीबी सांग. फोन विश्वास ठेवतो, तशी सीपी/एम बायोसवर ठेवायची. पहिले ३२ जीबी फोटो बरोबर जातात. पुढचे हवेत जातात, किंवा आधीच्या फोटोंवरच लिहिले जातात. फाइलींची नावं दिसतात, फोटो उघडत नाहीत. लग्न काही पुन्हा लागत नाही.

म्हणून नवा पेन ड्राइव्ह किंवा कार्ड आणलं की, महत्त्वाचं काही टाकण्याआधी, कॉम्प्युटरवर विंडोजसाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा लिनक्ससाठी एफ-थ्री हे मोफत साधन चालवा. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि सगळं परत वाचून ताडतं. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. आणि काढताना आधी इजेक्ट करा, मगच हात लावा.

गॅरीनं १९७० च्या दशकात डिस्कची यादी पुन्हा पुन्हा ताडून बघितली, कारण लावलेली वस्तू तीच आहे हे गृहीत धरायची त्याची तयारी नव्हती. फोन आपल्यासाठी बरंच काही ताडतो. क्षमतेचा आकडा खरा आहे का, एवढं मात्र अजून आपल्यालाच ताडायचंय.